सहाव्या डावानंतरचे बगळे

डब्लिन, ओहायो
१९ मे २०२५

चि. गिरिजा,

आशीर्वाद. लागोपाठ चार सामने हरलेल्या माणसाचे आहेत, तरी ठेवून घे. हरला तो संघ, तुम्ही नव्हे, असे शरयू रोज मला समजावते. हा भेद मला अजून आकळलेला नाही.

फोनवर तू मध्ये बोलतेस, म्हणून लिहितो आहे.

लिंडेनफोर्डच्या हेरन्सचा, म्हणजे आपल्या बगळ्यांचा, बेसबॉलचा हंगाम सुरू झाला. मोठ्या लीगमधला हा संघ नव्हे आणि टीव्हीवरही तो दिसत नाही. तरी गेली बावीस वर्षे मी त्याच्यासाठी मक्याच्या शेतांमधून गाडी हाकत जातो आणि घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवत नाही. माझ्या विवाहाच्या बाबतीत मी इतका नियमित नाही, असे शरयूचे निरीक्षण आहे.

यंदाचे खेळाडू कसे आहेत ते सांगतो. ओकाफोर हा पिचर चेंडू टाकण्यापूर्वी इतका वेळ विचार करतो की, त्या विचाराचे फलित पाहून वाईट वाटते. डेल्गाडो होमरन मारल्यावर धावत नाही, मिरवत निघतो. वरातीत घोड्याची तेवढी उणीव भासते. दुसऱ्या बेसवरचा मॅकनीली सद्गृहस्थ आहे. चेंडूला वाट करून देण्याइतका सद्गृहस्थ.

परंतु दोष मॅकनीलीचा नाही. त्याला चुकीच्या जागी उभे करणाऱ्याचा आहे. क्रिकेटमध्ये कर्णधार क्षेत्ररचना करतो, तसा इथे प्रत्येक फलंदाजाची खोड ओळखून कोणाला कुठे उभे करायचे हे ठरवावे लागते. एवढी वर्षे ते काम कोच हॅगर्टी करत असे. आता सत्तरीला आलेला, सूर्यफुलाच्या बिया चघळणारा, परंपरेचा माणूस. यंदा मात्र क्लबने त्यासाठी कुणी ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ नेमल्याचे गावच्या वर्तमानपत्रात वाचले. नाव दिलेले नाही. मीही दिले नसते. मॅकनीली डावीकडे उभा, चेंडू उजवीकडे. मॅकनीली उजवीकडे, चेंडू त्याच्या मूळ जागेवरून, जणू घरचाच असल्यासारखा. मी तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले. माझा विरोध संख्येला नाही, या विशिष्ट अडाण्याला आहे. (दोन वर्षांपूर्वी मी हेच काम विनामूल्य करतो असे क्लबला कळवले होते. उत्तर आले नाही. या गोष्टीचा माझ्या मताशी काहीही संबंध नाही, असे मी शरयूला सांगितले. ती हसली.)

मी आता प्रत्येक सामन्यात कोण कुठे उभा होता आणि चेंडू कुठे गेला ते टिपतो. सहावा डाव संपला की निघतो. नऊ डाव संपल्यावर पार्किंगमधून बाहेर पडणे सुसंस्कृत माणसाचे काम नव्हे. उरलेला सामना गाडीत रेडिओवर ऐकतो.

राधिकेचे काय चालले आहे? पीएच.डी. अर्धवट सोडणाऱ्यांविषयी माझे मत तुला ठाऊक आहे, म्हणून ते एकदाच लिहितो: वाईट आहे. तिचे शिफारसपत्र मी लिहिले होते. उत्तम पत्र होते.

तुझा
सौमित्रदादा


अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
२ जून

ती. दादा,

नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुझ्यासाठी आणि एकदा मॅकनीलीच्या आईची कीव येऊन.

राधिका बरी आहे. घरूनच काम करते, कॉम्प्युटरवर. संध्याकाळी दार लावून बसते आणि अधूनमधून आतून ओरडते. मी विचारत नाही.

दादा, एक सांगू? त्या अ‍ॅनालिस्टवर तू एवढा तुटून पडू नकोस. नवीन पोरगी आहे, म्हणजे पोरगा असेल, मला काय ठाऊक. एका हंगामाच्या बोलीवर घेतलंय. सप्टेंबरात क्लबच्या मालकीणबाई ठरवणार, कायम करायचं की नारळ द्यायचा. त्या कोचला म्हणे ही भानगड मुळातच नकोय. अशा वेळी बाहेरच्या शहाण्या माणसांनी जरा दमानं घ्यावं. कुणाच्या तरी घरात कुणीतरी देव पाण्यात घालून बसलेलं असेल.

चांगलं काही दिसलं तर तेही टिपत जा. शरयूवहिनीला सांग, लोणचं पोचलं.

तुझी
गिरिजा


डब्लिन
३० जून

चि. गिरिजा,

आशीर्वाद, आणि या वेळी कौतुकासह. सप्टेंबरातील निर्णय, मालकीणबाई, कोचची नाराजी: एवढी खडान्‌खडा माहिती तू अ‍ॅशबर्नला बसून मिळवलीस! तू लिंडेनफोर्डचे वर्तमानपत्र वाचू लागलीस हे उघड आहे. इतक्या वर्षांच्या माझ्या प्रवचनांना घरात एक तरी श्रोता लाभला.

तुझ्या माहितीचा मी तत्काळ उपयोग केला. निर्णय सप्टेंबरात व्हायचा, तर मालकिणीपुढे पुरावा त्याआधी गेला पाहिजे. मिसेस ओडेल यांना मी पत्र धाडले आहे. नऊ पाने, अकरा तक्ते, एक परिशिष्ट. ते मी चार वेळा पुन्हा लिहिले. चौथ्या वेळी केवळ दोन स्वल्पविराम हलवले, पण ते हलवायलाच हवे होते.

मजकूर थोडक्यात असा. घरच्या सर्व सामन्यांत मी स्वतः पाहिलेल्या चेंडूंपैकी जे अडवता येण्याजोगे होते, त्यांतील जवळजवळ निम्मे रिकाम्या जागेतून गेले. क्षेत्ररक्षक जन्मतः जिथे उभे राहतात तिथे उभे राहिले असते, तरी यापेक्षा बरे झाले असते. सबब, या व्यक्तीला मुक्त करावे आणि सर्व जागा पुन्हा हॅगर्टी यांच्या अनुभवी नजरेवर सोपवाव्यात. ‘इल्लिटरेट’ हा शब्द मी एकदाच वापरला, तोही परिशिष्टात.

तू दमाने घ्यायला सांगितलेस. सत्याला दम लागत नाही. हे वाक्य पत्रात घालण्याचा मोह मी टाळला, यावरून माझा संयम लक्षात यावा.

शरयूने लखोट्याकडे पाहून विचारले, “यात कुणाच्या पोटावर पाय येत नाही ना?” मी म्हणालो, “अकार्यक्षमतेच्या.”

तुझा
सौमित्रदादा


अ‍ॅशबर्न
३ जुलै

दादा,

ती राधिका आहे.

आता खुर्चीत नीट बस आणि वाच. तुझा तो अडाणी, तुझी ‘ही व्यक्ती’, म्हणजे माझी मुलगी, तुझी भाची. पीएच.डी. सोडून ती या कामाला लागली. रोज संध्याकाळी तुझ्याच बगळ्यांसाठी चार्ट करून पाठवते. तुला सांगितलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला तुझ्या आधी ऐकू येत होतं. हंगाम संपून नोकरी पक्की झाली की दादाला सरप्राइज देऊ, असं ती म्हणत होती. दिलंस तूच.

मिसेस ओडेलने तुझं पत्र तिलाच पाठवलं, खुलासा कर म्हणून. वर नाव बघून मला हाक मारली नाही तिने. मी चहा घेऊन गेले तेव्हा परिशिष्ट वाचत होती. कोचने त्या पत्राच्या प्रती काढल्यात म्हणे. नोकरी जायची असेल तर जाईल, आम्ही काही उपाशी राहणार नाही. पण या एका गोष्टीसाठी ती आनंदाने उठते रे सकाळी. तीन वर्षं मी तिला तसं उठताना पाहिलं नव्हतं.

आणि आणखी ऐक. पहिले सहा डाव तिचे नाहीतच. कोच ऐकेना, म्हणून असं ठरलं की सहाव्यापर्यंत त्याच्या मनाने माणसं उभी राहतील आणि सातव्यापासून तिच्या चार्टप्रमाणे. तू पाहिलंस ते सगळं तुझ्या त्या परंपरेच्या माणसाचं. तिचं काम सुरू होतं तेव्हा तू गाडीत रिव्हर्स टाकत असतोस.

माणूस अर्ध्यातून उठून जातो आणि वर नऊ पानं लिहितो! बाबा असते तर त्यांनी तुझा कान धरला असता. मी धाकटी, मला ती सोय नाही.

गिरिजा


डब्लिन
८ जुलै

चि. गिरिजा,

आशीर्वाद द्यायला हात उचलतो आहे, पण तो कानाकडे जातो आहे.

तुझे पत्र मी उभ्याने वाचले. बस म्हणून तू लिहिलेस ते वाचेपर्यंत उशीर झाला होता. नंतर शरयूला वाचून दाखवले. ती भेंडी चिरत होती. सुरी खाली न ठेवता म्हणाली, “तुम्ही आपल्या लग्नातही मंगलाष्टकं संपायच्या आत चपला कुठे आहेत ते बघत होता.”

“तो वेगळा प्रश्न आहे.”

“तोच आहे.”

मी तीस वर्षे प्रत्येक वर्गाला पहिल्याच तासाला सांगत आलो: आपण काय पाहिले नाही, हे आधी विचारा. विद्यार्थी ते वहीत लिहून घेत. मीही कुठेतरी लिहून घ्यायला हवे होते. हंगामाचा दोनतृतीयांश भाग पाहून मी उरलेल्या एकतृतीयांशाला शिक्षा ठोठावली. शेवटच्या डावांत चेंडू अडले, हे रेडिओवर ऐकले तेव्हा मी ते श्रेय ओकाफोरच्या पुण्याईला दिले. त्या वेळी तो बाकावर बसलेला होता.

काल मी शरयूला घेऊन गेलो आणि शेवटपर्यंत बसलो. सातवा डाव लागला, तसा मैदानावर बदल झाला. फार नाही, कुणी चार पावले, कुणी सहा. मॅकनीली जवळजवळ मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला, रस्ता चुकल्यासारखा. मी सवयीने ‘अरेरे’ म्हणून घेतले. फलंदाजाने सणसणीत चेंडू मारला, तो सरळ मॅकनीलीकडे आला. त्याला हलावेही लागले नाही. शरयू म्हणाली, “हा तर ठरवून भेटल्यासारखा आला.” आठव्या डावात पुन्हा तेच, नवव्यात पुन्हा. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, “सातव्यापासून असंच असतं. तुम्ही नवीन का?” बावीस वर्षांनंतर!

पार्किंगमधून बाहेर पडायला फार वेळ लागला. तो वेळ मला कमी पडला.

तेव्हा मी करायचे ते केले आहे. मिसेस ओडेल यांना आज दुसरे पत्र पाठवले. माझे पहिले पत्र संपूर्ण मागे घेत आहे, त्यातील सर्व आकडे निरर्थक असून ते कचऱ्यात टाकावेत, मी अर्ध्या सामन्यावरून मत दिले, सबब माझ्या कोणत्याही निष्कर्षाचा कोणीही कशासाठीही आधार घेऊ नये. गिरिजा, ‘कचरा’ हा शब्द स्वतःच्या तक्त्यांसाठी लिहिताना काय वाटले, ते तुला कळणार नाही. तू कधी तक्ते केले नाहीस. ते फार सुबक तक्ते होते.

राधिकेशी मी अजून बोललेलो नाही. फोन दोनदा उचलला. काय बोलावे याचा मसुदा तिसऱ्या आवृत्तीत आहे.

तुझा
दादा


अ‍ॅशबर्न
१४ जुलै

मामा,

आईने तुमची सगळी पत्रं मला दिली. मी मराठीत टाइप करतेय, मिस्टेक्स असतील, प्लीज मार्क करून परत पाठवू नका.

पहिली गोष्ट. तुमचं पहिलं लेटर वाचून मी रडले. ‘इल्लिटरेट’ तुम्ही किती नीट लिहिता! दोन दिवस मी काहीच ओपन केलं नाही. तिसऱ्या दिवशी चिडून तुमचे तक्ते चेक करायला घेतले, निदान एक तरी चूक काढू म्हणून.

दुसरी गोष्ट. एकही चूक नाही.

मामा, माझा प्रॉब्लेम काय होता माहितीये? सातव्या इनिंगपासूनचा डेटा माझ्याकडे होता. पण तो कशाशी कम्पेअर करू? सहाव्यापर्यंत कोच लोकांना कुठे उभं करतो, याचा रेकॉर्ड कुणाकडेच नव्हता. क्लबचा कॅमेरा एकच, तो पिचरवर. कोच म्हणायचा, “माझ्या वेळेला पण चेंडू अडतात, पोरी, तू फक्त तुझे मोजतेस.” आणि मला उत्तर देता यायचं नाही.

आणि मग तुम्ही. घरची प्रत्येक मॅच, प्रत्येक प्लेयर, अगदी पावलांनी मोजून, फक्त पहिल्या सहा इनिंग्जचं! यार मामा, मी कुणाला पैसे देऊन सांगितलं असतं तरी इतकं परफेक्ट झालं नसतं. तुमच्या टेबल्समध्ये कोचची मेथड निम्म्या वेळा फेल होते. माझी तशी होत नाही. मी माझा सगळा रिपोर्ट तुमच्या आकड्यांवर बांधला आणि मिसेस ओडेलना पाठवला. तुम्ही माझे मामा आहात हेही मी स्वतःच कळवलं. म्हटलं, “माझ्याविरुद्ध लिहिणारा मामा! यापेक्षा न्यूट्रल विटनेस मी कुठून आणू?” त्या खूप हसल्या.

हे सगळं सोमवारी झालं. गुरुवारी तुमचं दुसरं लेटर पोचलं. आकडे कचऱ्यात टाका, कुणीही आधार घेऊ नका. कोच ते खिशात घालून फिरतोय. म्हणतो, “तुझा विटनेस पळाला.”

मामा!! एकदा तरी मला विचारायचं ना!

तुमचा निष्कर्ष चुकीचा होता. आकडे बरोबर होते. हा फरक मला तुम्हीच शिकवलाय. मी दहा वर्षांची असताना, त्याच स्टँडमध्ये. दर समरला मला तिथे न्यायचात आणि दर वेळी सहावी इनिंग झाली की उचलून आणायचात. मी रडायचे, मला शेवट बघायचाय म्हणून. आई म्हणते मी ही नोकरी का घेतली कळत नाही. मला वाटतं, शेवटी काय होतं तेच बघायला.

प्लीज, तिसरं लेटर लिहा. आजच. आणि एका पानाचं. परिशिष्ट नको.

राधिका


डब्लिन
१८ जुलै

चि. राधिका,

तुला आशीर्वाद द्यावेत की तुझ्याकडून घ्यावेत, हे ठरेपर्यंत टपाल निघून जाईल.

तुझ्या पत्रात चुका नव्हत्या. एक होती. सांगत नाही.

तुझ्या मामाचा पराक्रम असा: मत दिले ते चुकीचे, पश्चात्ताप केला तोही चुकीचा. चुकीचे मत अनेकांना जमते. चुकीच्या पश्चात्तापाला शिक्षण लागते. दुसऱ्या पत्रातही मी तेच केले. तुला काय हवे, काय उपयोगी, हे न पाहता आपले प्रायश्चित्त कसे शोभून दिसेल तेवढेच पाहिले.

मिसेस ओडेल यांना आज पाठवलेले पत्र खाली उतरवतो. शब्द न्‌ शब्द एवढाच आहे; शरयू पाठीमागे उभी होती.

“महोदया, माझ्या पहिल्या पत्रातील सर्व आकडे बरोबर आहेत व त्यांसाठी मी केव्हाही, कुणाहीसमोर उत्तर देण्यास तयार आहे. त्यांवरून मी काढलेला निष्कर्ष चूक आहे. ते दोष कोचच्या पद्धतीचे आहेत आणि मी ते अन्य व्यक्तीच्या माथी मारले. माझे दुसरे पत्र मी मागे घेतो. ते लिहिताना मला लाज वाटत होती आणि लाजेने गणित सुधारत नाही. तिसरे पत्र मागे घेतले जाणार नाही.”

आकड्यांविषयी मला बोलावतील, तर येईन. शेवटपर्यंत बसेन.

तुझा
मामा


डब्लिन
२१ सप्टेंबर

चि. गिरिजा,

आशीर्वाद. बातमी राधिकेने तुला फोनवर सांगितलीच असेल, परंतु तपशील ती गाळते. ते माझे काम आहे.

बैठक काल सकाळी झाली. मला बोलावले होते. टेबलावर माझी तीनही पत्रे मांडलेली. इतका पुरेपूर वाचला गेलेला लेखक मी प्रथमच पाहिला आणि तो मी होतो, हे विशेष सुखाचे नव्हते. हॅगर्टीने विचारले, “डॉक्टर, तुमचं कोणतं पत्र खरं?”

“पहिल्यातले आकडे आणि तिसऱ्यातला माणूस,” मी म्हणालो.

“आणि दुसरं?”

“दुसरे साहित्य होते.”

मिसेस ओडेल यांनी एक तास तक्त्यांवर प्रश्न विचारले. मी फक्त माझ्या सहा डावांची उत्तरे दिली. पुढचे सगळे राधिका बोलली. एकदा ती अडखळली. उत्तर मला ठाऊक होते. मी तोंड उघडले आणि तिने माझ्याकडे न पाहता, टेबलाखालून, माझ्या बुटावर पाय ठेवला. मग स्वतःच उत्तर दिले. माझ्या उत्तरापेक्षा छोटे होते. बरेही होते.

ती कायम झाली. पुढल्या वर्षी चौथ्या डावापासून तिच्या चार्टप्रमाणे माणसे उभी राहतील. हॅगर्टीने बराच वेळ बिया चघळल्या आणि म्हणाला, “तिसऱ्यापासून मागितलं असतंस तर नाही म्हणालो असतो.” राधिका म्हणाली, “माहीत होतं. म्हणून चौथ्यापासून मागितलं.” तो हसला. तो हसतो हे बावीस वर्षांत मला ठाऊक नव्हते.

संघ, तसे पाहता, सहावा आला. आठांत. डेल्गाडो दुसरीकडे निघाला, वरातीसकट. मॅकनीली राहणार आहे. त्याच्याविषयीचे माझे मत मी तूर्त राखून ठेवले आहे. हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहिले.

संध्याकाळी करारपत्र घेऊन ती आमच्याकडे आली. शरयूने पुरणपोळ्या केल्या होत्या. सही करण्याआधी मला एकदा वाचू दे, असे मी म्हणालो, कारण अशा कागदांत चूक नसते असे होत नाही. चष्मा शोधला, पुसला, लावला. तोवर दुसऱ्या पानावरची चुकलेली तारीख तिने शोधली होती, खोडली होती, शेजारी बरोबर तारीख घालून आद्याक्षरेही लिहिली होती. वर मला म्हणाली, “मामा, तिसऱ्या पानावर त्यांचा एक कॉमा चुकलाय. पण तेवढं सोडून देऊ या.”

तिने ते सोडून दिले. गिरिजा, मला ते जन्मात जमले नसते.

शरयूच्या कानात मी म्हणालो, “अशा माणसासोबत राहणाऱ्यांचे काय होत असेल?”

तिने माझ्या ताटात तूप वाढले आणि म्हणाली, “आमचं आम्हालाच माहीत. जेवा.”

तुझा
दादा